आमच्या टिकल्याची जागा

मुलांनो,

गेल्या सोमवारची गोष्ट तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, सगळे वर्गात येऊन बसतात न बसतात तोच मागच्या रांगेतून 'कुंई कुंई' असा बारीक आवाज आला. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मी जवळ जाऊन दप्तर उघडायला लावले, तो काय! पुस्तकांचा पत्ता नाही आणि पुस्तकांच्या जागी तांबूस रंगाचे, ओंजळीत मावेल एवढे कुत्र्याचे पिल्लू. वर्गात एकच हशा पिकला.

मी पडलो शिक्षक. डोळे वटारले आणि म्हणालो, "शाळा म्हणजे काय जनावरांचा बाजार आहे? जा, घरी नेऊन बांधून ये."

तो मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, आई-आबा दोघंबी कांदा काढायला गेल्यात. घरी कुणी न्हाई."

"मग बांध आणि ये. पळून कुठे जातंय ते?"

"बांधलं असतं गुरुजी. पण दुपारनं तितं ऊन येतंय."

हे वाक्य ऐकले आणि माझी वाचाच बसली. तुम्हांला वाटले असेल, गुरुजींचा राग कसा काय पटकन गेला? मी काही न बोलता बाहेर गेलो. पटांगणातल्या लिंबाखाली तीन मोडकी बाके आडवी टाकून आडोसा केला आणि पिल्लाला त्यात ठेवले. खिचडी करणाऱ्या ताईंनी वाडग्यात पाणी दिले. दिवसभरात मी ती बाके दोनदा सरकवली. तेव्हा तुमच्यातल्याच कुणीतरी विचारले होते, "गुरुजी, बाकं सारखी का सरकवताय?" मी म्हणालो होतो, "नंतर सांगेन." ते आज सांगतो. तोंडाने सांगायला जमले नसते, म्हणून भिंतीवर लिहून लावतो आहे.

गोष्ट २०२२ सालच्या मार्च महिन्यातली. त्या वर्षीचा मार्च फार कडक होता. हवामान खात्याकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत, त्यांत देशाचा सर्वांत तापलेला मार्च तोच ठरला. पण हे आम्हांला मागाहून कळले. तेव्हा आम्ही आपले 'यंदा ऊन जरा लवकरच लागलं' एवढेच म्हणत होतो.

आमच्या घरी तेव्हा नुकताच टिकल्या आला होता. अंगाने काळा आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून आमच्या धाकटीने त्याचे नाव टिकल्या ठेवले. जेमतेम अडीच महिन्यांचे पिल्लू. रात्री धाकटीच्या पायथ्याशी झोपायचे आणि सकाळी सगळ्यांच्या चपला अंगणभर करून ठेवायचे. पण साडेदहा वाजले की घर रिकामे. मी शाळेत, धाकटी शाळेत, आणि सौ. अंगणवाडीत. मग टिकल्याचे काय करायचे?

पहिले दोन दिवस त्याला खोलीत कोंडले. त्याने दाराची फळी कुरतडली, गोधडीचा कापूस काढला आणि ओरडून ओरडून शेजार जागा केला. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "याला मागच्या दारी बांधू. मोकळी हवा आहे, सावली आहे, पाणी ठेवू. आणखी काय पाहिजे?"

आमच्या घराचे मागचे दार पश्चिमेला. तिथे फरशीची पायरी आहे आणि वर पत्र्याचा छोटासा पुढावा आहे. सकाळी तिथे इतकी गार सावली असते की चहा घेऊन बसावेसे वाटते. मी भिंतीजवळ मेख ठोकली, वासराचे जुने दावे टिकल्याच्या गळ्यात बांधले, जर्मनच्या पातेल्यात पाणी ठेवले आणि शाळेची वाट धरली. धाकटी सारखी मागे वळून पाहत होती. मी म्हणालो, "चल गं, काही होत नाही त्याला."

त्या दिवशी वर्गात कोणता पाठ होता, सांगू? सावलीचा! मी मुलांना पटांगणात नेले होते. जमिनीत काठी रोवली. सकाळी अकराला तिची सावली कुठे पडते तिथे खडा ठेवला, बाराला दुसरा खडा, एकला तिसरा. मुलांना विचारत होतो, "सकाळी सूर्य पूर्वेला, मग सावली कुठे? पश्चिमेला. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला कलला, मग सावली कुठे?" मुले एका सुरात म्हणाली, "पूर्वेलाऽऽ!" मी म्हणालो, "शाबास!"

शाबास म्हणणाऱ्या गुरुजींचे स्वतःचे पिल्लू त्याच वेळी घराच्या पश्चिमेला बांधलेले होते, आणि गुरुजींच्या ते ध्यानीमनीही नव्हते.

दीडच्या सुमारास शेजारच्या आप्पांचा मुलगा मोटारसायकलवर आला. फाटकातूनच ओरडला, "गुरुजी, बिगीनं चला. पिल्लाचं काय खरं न्हाई."

माझ्या पोटात धस्स झाले. मुलांनी विचारले, "काय झालं गुरुजी?" मी म्हणालो, "काही नाही रे, घरी पाहुणे आलेत." आणि निघालो.

घरी जाऊन पाहतो तर न्हाणीत शेजारच्या आक्का बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर ओल्या गोणपाटावर टिकल्या आडवा पडला होता. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, पोट लोहाराच्या भात्यासारखे हलत होते. आक्का त्याच्या पोटावर आणि पंज्यांवर तांब्याने पाणी सोडत होत्या आणि दुसऱ्या हाताने सुपाने वारा घालत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरगं सकाळपासनं वरडत हुतं. म्हटलं नवं हाय, वरडू दे. मग आवाज बंद झाला. तवा मी उठले."

मुलांनो, हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही. पिल्लू ओरडत होते तोवर कुणाला काळजी वाटली नाही. आवाज थांबला म्हणून आक्का उठल्या. त्या उठल्या नसत्या, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

काय झाले होते, ते मागच्या दारी जाऊन पाहिल्यावर कळले. टिकल्याने मेखेभोवती गोल गोल फिरून दावे गुंडाळून घेतले होते. दहा हातांचे दावे उरले होते वीतभर. पातेले लवंडले होते आणि पाणी केव्हाच वाळून गेले होते. बारानंतर सावली सरकली. ऊन पायरीवर आले, फरशी तापली, वरचा पत्रा तापला, आणि त्याला हलायलाही जागा उरली नव्हती. मी त्या फरशीवर हात टेकला, तो चटका बसून पटकन मागे घेतला. आणि ते पिल्लू तिथे किती वेळ होते कोण जाणे.

त्याला ओल्या पंच्यात घेऊन मोटारसायकलवरून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी ताप पाहिला, एकशे सहा अंश! कुत्र्याचे अंग मुळातच आपल्यापेक्षा थोडे गरम असते, साधारण एकशे एक ते एकशे अडीच अंश. पण एकशे सहा म्हणजे जिवाशी गाठ. त्यांनी सलाईन लावली, औषध दिले. मग मला म्हणाले, "गुरुजी, माणसाला सगळ्या अंगाला घाम येतो आणि घाम वाळला की अंग गार होतं. कुत्र्याला तसा घाम येत नाही, आला तर पंज्यांच्या तळव्यांना थोडासा. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि तेवढ्यावरच अंग गार ठेवतं. सभोवारची हवाच तापलेली असली, तर धापा टाकून तरी काय होणार?"

आक्कांनी काय केले ते विचारून घेतले आणि म्हणाले, "म्हातारीनं वाचवलं." हे तुम्हीही लक्षात ठेवा. जनावराला ऊन लागले, तर आधी सावलीत न्यायचे. अंगावर, पोटावर, पंज्यांवर साधे गार पाणी सोडायचे आणि वारा घालायचा. बर्फाच्या पाण्यात बुडवायचे नाही. नुसता ओला कपडा पांघरून ठेवायचा नाही, कारण तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचे नाही, ते श्वासनलिकेत जाते. आणि आधी अंग गार करायला लागायचे, मग दवाखान्याची वाट धरायची.

टिकल्या दोन दिवस काही खात नव्हता. तिसऱ्या दिवशी धाकटीच्या हातून दूधभाकरीचे चार घास खाल्ले आणि आमच्या जिवात जीव आला.

आता जे सांगायची मला लाज वाटते, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी विचारले, "गुरुजी, तुमचं पिल्लू कसं आहे?" मी म्हणालो, "मजेत आहे." आदल्या दिवशी पाहुण्यांची थाप मारली होती, तीही तशीच ठेवली. खडे जागच्या जागी होते. तिथेच उभा राहून मला सांगता आले असते की, "मुलांनो, हा पाठ मी तुम्हांला शिकवला, पण मला स्वतःला आला नव्हता." पण धीर झाला नाही. ती मुले आता हायस्कूलला गेली. त्यांतली काही अजून येता-जाता आपले भित्तिपत्रक वाचायला थांबतात. त्यांनी हे वाचावे आणि मला माफ करावे.

मग आम्ही काय केले? पुढच्या रविवारी धाकटीने चुन्याची डबी घेतली आणि म्हणाली, "बाबा, आपण घराची सावली मोजू." सकाळी आठला, दहाला, बाराला, दोनला, चारला तिने घराभोवती सावलीच्या कडेने रेघा ओढल्या. संध्याकाळी पाहिले तर आठपासून चारपर्यंत जिथे एकदाही ऊन आले नाही अशी एकच जागा निघाली, उत्तरेच्या भिंतीजवळ पडवीच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यावर कौले आहेत, पत्रा नाही. सकाळी मला तो कोपरा कधी आवडला नव्हता, कारण तिथे सरपण आणि अडगळ असायची. वरवर बघून ठरवले असते, तर मी पुन्हा पायरीच निवडली असती.

एक मात्र सांगायला हवे. मार्चची जागा मेमध्ये चालेलच असे नाही. सूर्य उत्तरेकडे सरकत जातो. मे महिन्यात आपल्याकडे एका दिवशी दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशीच जाते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर उत्तरेच्या भिंतीवरही ऊन येऊ लागते. म्हणून आमच्या धाकटीच्या रेघा आम्ही मेमध्ये पुन्हा काढल्या आणि पडवीच्या बाहेरच्या अंगाला गोणपाटाचा पडदा लावला.

जागा ठरली. आता कुंपण. शेजारच्या आप्पांकडे शेळ्या आहेत. शेळ्या चरायला गेल्या की करडे कुठे ठेवतात, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत असणार? त्यांनी येऊन तुराट्यांचा कूड बांधून दिला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, कमरेएवढा उंच, आणि वर जुनी मासे धरायची नव्हे तर चांगली तारेची जाळी. आप्पा म्हणाले, "गुरुजी, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जितं मुंडकं शिरतं तितं जनावर अडकतं, म्हून फट मुठीपेक्षा मोठी ठेवायची न्हाई. आन् आत बांधायचं न्हाई. कोंडलं तर बांधायचं कशाला?" मग आम्ही आत ठेवताना त्याचा गळपट्टाही काढू लागलो, कारण गळपट्टा तुराटीत अडकला तर फास बसतो.

पाण्याला पातेले बदलले. बुडाशी जड असलेली दगडी कुंडी ठेवली, ती त्याला लवंडता येत नाही. एका कोपऱ्यात गोणपाटाचे अंथरूण, दुसऱ्या कोपऱ्यात माती. एवढे लहान पिल्लू दोन-तीन तासांहून जास्त वेळ लघवी धरू शकत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितले होते. म्हणून मधल्या सुट्टीत धाकटी आणि मी आळीपाळीने घरी जाऊन त्याला बाहेर काढत असू. तेवढ्यासाठी माझे जेवण घाईत होई, पण त्यात काय!

पण मुलांनो, जागा केली म्हणजे पिल्लाने ती आपली मानली असे होत नाही. तुम्ही पहिलीत आलात तेव्हा आठवते? कितीजण दाराला धरून रडत होता! पहिल्याच दिवशी दार लावून गुरुजी निघून गेले असते तर? तसेच त्याचे. आम्ही सुट्टीच्या दिवसांत त्याला हळूहळू सवय लावली. आधी दार उघडे ठेवून त्याची भाकरी आत ठेवायची. तो आपण होऊन जायचा, खायचा, यायचा. मग तो खाताना दार लावायचे आणि खाऊन होताच उघडायचे. मग पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास. आम्ही घरातच, पण त्याला दिसत नाही असे. ओरडला तर रागवायचे नाही, क्षणभर गप्प झाला की दार उघडायचे. निघताना 'टिकल्या, टिकल्या' करून लाड करायचे नाहीत आणि परत आल्यावरही ओरडा करायचा नाही. जाणे-येणे ही रोजचीच गोष्ट आहे, हे त्याला कळले पाहिजे. आणि शाळेला जाण्याआधी त्याला शिवारातून एक चक्कर. दमलेले पिल्लू झोपते, न दमलेले पिल्लू कुरतडते. चघळायला जुन्या धोतराची घट्ट गाठ दिली. शिजवलेली हाडे मात्र दिली नाहीत. ती फुटून टोकदार होतात आणि घशात, आतड्यात रुततात.

तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात एक दिवस मी दप्तर उचलले आणि टिकल्या आपण होऊनच कोपऱ्यात जाऊन अंथरुणावर गोल होऊन बसला. सौ. म्हणाली, "बघा, त्याचीबी शाळा भरली."

आमच्या सौ.नेच मग एक यादी करून दाराआड चिकटवली. निघण्याआधी ती वाचायची. तुम्हांला उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. उंदराचे औषध, युरियाची पिशवी, फवारणीची बाटली वर ठेवली का? कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट त्याच्या तोंडाजवळ नाही ना? हे पदार्थ आपण आवडीने खातो, पण कुत्र्याला ते बाधतात. जवळ सरपणाचा किंवा दगडांचा ढीग नाही ना? त्यात विंचू-काटा बसतो. पाणी भरले का? दुपारी तिथे ऊन येणार नाही ना? आणि सर्वांत शेवटी, आक्कांना सांगितले का? कारण कूड कितीही चांगला असला, तरी कान देणारे एक माणूस लागतेच. आता आक्का दुपारी उठून एकदा डोकावतात. आवाज थांबायची वाट पाहत नाहीत.

एक शेवटची गोष्ट. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून आपल्या देशात १९६० साली कायदा झाला. अपुऱ्या किंवा फार जड दोरीने, साखळीने जनावराला फार वेळ बांधून ठेवणे हा त्यात गुन्हा सांगितला आहे. नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, हाही गुन्हाच. आणि आपल्या राज्यघटनेत १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये घातली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगावी असे कर्तव्य आहे. तुमच्या पुस्तकात ते छापलेले आहे. मी ते कित्येक वर्षे शिकवले. पण दया म्हणजे नुसते कळवळणे नव्हे, हे मला त्या पायरीवर हात टेकला तेव्हा कळले. मलाही टिकल्याची दया होतीच की! दुपारी तिथे काय होईल, याचा आधी विचार करणे, ही खरी दया.

सोमवारी ज्याने दप्तरातून पिल्लू आणले, त्याने तो विचार आधीच केला होता. मी चाळिशी ओलांडून जे शिकलो, ते त्याला चौथीतच येत होते. त्याच्यावर डोळे वटारले, त्याबद्दल मी त्याची या भिंतीवर क्षमा मागतो. आप्पांना विचारले आहे. येत्या रविवारी ते आणि मी त्याच्या घरी कूड बांधायला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सकाळी आठला चुना घेऊन शाळेजवळ यावे. आधी सावलीच्या रेघा, मग कूड.

बाकीच्यांनी आपापल्या घरी रेघा काढा. घरात पिल्लू असो, करडू असो, कोंबडी असो, नाहीतर दुपारी एकटी बसणारी आजी असो. दुपारी दोन वाजता त्या जागी ऊन येते की सावली, एवढे बघून वहीत लिहून आणा. चांगल्या नोंदी पुढच्या महिन्यात याच भिंतीवर लावू.

आणि हो, टिकल्या मजेत आहे. या वेळी खरेच सांगतो.

– तुमचे गुरुजी